घुंगरांच्या पेटीतली औषधं

आमच्या घरातली औषधं घुंगरांच्या पेटीत असायची. सागवानी पेटी, आत बावीस खण. आजोबांच्या काळी त्या खणांत मापामापाचे घुंगरू होते. मोहरीएवढे, ज्वारीएवढे, हरभऱ्याएवढे. पुढं खणांच्या पट्ट्या झिजल्या आणि बारके घुंगरू एका खणातून दुसऱ्यात पळायला लागले. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, नवी पेटी करून घेतली आणि जुनी माळ्यावर टाकली. आज्जीनं ती उतरवली, पुसली, दोन दिवस उन्हात घातली आणि आपला सगळा पसारा तिच्यात मांडला. ‘‘घुंगरू पळत्यात, वेखंड कुठं पळतंय?’’ असं ती म्हणाली, म्हणे. तेव्हापासून घरात कुणी खोकलं, कुणी कण्हलं, कुणाचं पोट फुगलं, की आतून एकच हाक यायची, ‘‘पेटी आणा रे!’’

ज्यांचं लहानपण चांदीकामाच्या हुपरीत गेलं, त्यांना आमची गल्ली वेगळी सांगायला नको. सकाळ उजाडायची ती भात्याच्या फुसफुशीनं. एका सोप्यात मुशीत चांदी आटतेय, दुसऱ्यात तार जंत्रीतून ओढली जातेय, तिसऱ्यात फुंकणीनं झाळ लावणं चाललंय. उंबऱ्यात बसून आई, काकू, आक्का पैंजणाच्या कड्या जोडतायत. मांडीवर मूल, पदरात कड्या, हातात चिमटा. रेंदाळ, यळगूड, इंगळी, पट्टणकोडोली ही शेजारची गावंही याच धंद्यात गुंतलेली. घर आणि कारखाना यांच्यामध्ये आमच्याकडं भिंत नव्हतीच. म्हणून कारखान्यातली वस्तू स्वयंपाकघरात जायची आणि स्वयंपाकघरातली कारखान्यात यायची. औषधांचंही तेच.

टाकणखाराचंच बघा. चांदी आटवताना मुशीत टाकणखार, झाळ लावताना टाकणखार. त्याच्याशिवाय धातू धातूला धरत नाही. त्याच पुडीतला चिमूटभर आज्जी तव्यावर टाकायची, त्याची पांढरी लाही फुलायची, आणि आमची तोंडं आली की मधातून ती जिभेला फिरवायची. रिठ्याचंही तसंच. झाळलेला काळवंडलेला माल रिठ्याच्या पाण्यात घासला की चांदी हसायला लागते. शनिवारी त्याच रिठ्याच्या फेसानं पोरींची डोकी धुतली जायची. चिंच मालाच्या उजाळ्याला, आणि चिंचेचा कोळ गुळासकट उन्हाळा लागलेल्याला. तुरटी गढूळ पाण्यात, तुरटी दाढी करताना कापल्यावर, तुरटी हिरड्या सुजल्यावर. एखाद्या परक्या माणसानं आमचं सामान मांडून बघितलं असतं तर हे सोनाराचं दुकान की वैद्याचं, असा प्रश्न त्याला पडला असता.

मापंही एकच होती. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. दशमान पद्धत आली, ग्रॅम आले, तरी आज्जीचं औषध गुंजेतच राहिलं. ‘‘दोन गुंजा सुंठ घाल, जास्त नगं,’’ असं ती सांगायची आणि आम्ही अण्णांच्या तराजूत खरोखरीच्या दोन लालभडक गुंजा टाकून सुंठ तोलायचो. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की चीनमध्ये हस्तिदंताच्या नाहीतर लाकडाच्या बारीक दांडीचा एक नाजूक काटा असायचा आणि त्याच काट्यावर चांदी तोलायचे, त्याच काट्यावर औषधी मुळ्याही तोलायचे. वाचलं आणि आमच्या सोप्यातला तो तराजू डोळ्यांपुढं आला. चांदी आणि औषध, दोन्हीतली चूक महागात पडते. म्हणूनच दोन्हींना एकच काटा लागत असावा.

बाळगुटी हा तर घरातला रोजचा सोहळा. घरात तान्हं मूल नाही असं आमच्या आठवणीत एकही वर्ष नाही. थोरल्या काकांची पाच, आम्ही चार, शिवाय बाळंतपणाला आलेल्या आत्या. न्हाऊ घातल्यावर आज्जी सहाण घेऊन बसायची आणि खणाखणांतून एकेक काढायची. बाळहिरड्याचे दोन वेढे, मुरुडशेंगेचा एक, सागरगोट्याचा अर्धा, वेखंडाचा एक, सुंठेचा अर्धा, जायफळाचा निम्म्याहून कमी कारण त्यानं मूल फार झोपतं, हळकुंडाचा एक, अतिविषाचा एक, खारकेचे दोन, बदामाचे दोन. मुरुडशेंग पिळवटलेली, म्हणून पोटातल्या पिळावर चालते, हा आज्जीचा न्याय. उगाळलेलं सगळं आईच्या दुधात कालवायचं आणि चांदीच्या बोंडल्यातून बाळाच्या तोंडात सोडायचं. ते बोंडलं आजोबांनी स्वतः घडवलेलं. त्याच्या चोचीपाशी एक बारीक ठोकर आहे. त्या बोंडल्यानं आमच्या घरातली एकवीस माणसं वाढवली.

आणि एक गोष्ट आम्ही सगळ्या भावंडांनी बघितली आहे. गुटी बाळाला द्यायच्या आधी आज्जी करंगळीनं तिचा थेंब आपल्या जिभेवर ठेवायची. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम केली की आधी आपल्या गालाला लावायची. लेप उकळला की आधी आपल्या मनगटावर. आमच्या भागातल्या बायका बोलतात तशीच ती बोलायची, ‘‘मी बघतो आधी, मग लेकराला.’’

आता पेटीतल्या त्या खणांकडं येतो ज्यांच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं. उजव्या हाताच्या टोकाला चार खण होते. एकात दालचिनी, एकात कबाबचिनी, एकात रेवाचिनी, एकात चोपचिनी. आम्ही पोरं त्यांना ‘चिनी गल्ली’ म्हणायचो. लोणच्याची बरणी चिनी मातीची, भुईमुगाच्या शेंगा कुणाकुणाकडं चिनीमूग, आणि पेटीत ही चिनी गल्ली. १९६२ साली चीनशी लढाई झाली, रेडिओवर बातम्या लागायला लागल्या, तेव्हा थोरल्या चुलतभावानं आवेशात येऊन ते चारही खण उकिरड्यावर रिकामे करायचं ठरवलं. आज्जीनं त्याचा हात धरला. ‘‘मुळीनं काय केलंय रं तुझं? मुका मार लागंल तवा लावशील काय?’’

आणि आठच दिवसांत लागला मुका मार. त्याच भावाला, विटी-दांडूत. रेवाचिनी, आंबेहळद, रक्ताबोळ आणि तुरटी उगाळून त्याच्या घोट्यावर लेप बसला आणि तो मुकाट पडून राहिला.

त्या नावांतली ‘चिनी’ कुठून आली, हे कळायला आम्हाला म्हातारपण यावं लागलं. दालचिनी म्हणजे फारसीतलं दारचिनी, चिनी लाकूड. कबाबचिनी खरं तर जावा बेटांकडची. पण व्यापाऱ्यांनी पूर्वेकडून आलेल्या कितीतरी मालाला चीनचंच नाव लावलं. रेवाचिनी म्हणजे रेवंदाची मुळी. चिनी वैद्य कोठा साफ करायला ती फार जुन्या काळापासून देत आले आहेत. आणि चोपचिनी तर खरीच चीनची पाहुणी. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आले आणि त्यांच्याबरोबर फिरंग रोग म्हणजे गरमी आली. आपल्याकडच्या जुन्या ग्रंथांत त्या रोगाचं नाव नाही. त्याच शतकातल्या ‘भावप्रकाशा’त फिरंग रोगही आला आणि त्यावरची चोपचिनीही आली. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता, जो अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारातही उपचाराला जायचा, त्यानं १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात या चिनी मुळीवर सविस्तर लिहिलं. म्हणजे रोग पश्चिमेकडून आला, औषध पूर्वेकडून आलं, आणि दोन्हींची गाठ आमच्या कोकणपट्टीत पडली. तिथून घाट चढून, चारशे वर्षं हातोहाती येत येत, ती मुळी आमच्या घुंगरांच्या पेटीत येऊन बसली. आज्जीला यातलं काही माहीत नव्हतं. ती ती मुळी सांधे धरल्यावर दुधात उकळून द्यायची. तिच्या आईनं तिला तसं शिकवलं होतं.

पेटीचे खण संपले तरी औषधं संपायची नाहीत. करंजाचं तेल खरजेला. बिब्बा काट्याच्या कुरुपाला. चुना-गूळ गळवाला. कडुनिंबाचा पाला कांजिण्या आलेल्याच्या अंथरुणात. निपाणीची तपकीर चोंदलेल्या नाकाला, आणि खरं सांगायचं तर न चोंदलेल्या नाकालाही. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेतून भंडारा यायचा. यात्रेत उधळून उधळून सगळा माळ पिवळा व्हायचा. तो भंडारा कपाळाला लागायचा, उरलेला डबीत जायचा आणि वर्षभर ढोपरं फुटली की जखमेवर दाबला जायचा. हळदच ती. देवाची हळद म्हणून जरा जास्त लवकर बरं वाटायचं, एवढंच.

आणि एरंडेल! आमच्या पिढीतल्या माणसाला नुसता हा शब्द उच्चारून बघा, त्याचा ओठ वाकडा होतो. महिन्यातला एक रविवार. पहाटे ओळीनं सगळी पोरं पाटावर. कोऱ्या चहात एरंडेल, आज्जीच्या एका हातात वाटी, दुसऱ्या हाताचा चिमटा नाकाला. पळून जाणारा अंबाबाईच्या देवळापर्यंत पळायचा, पण पुजाऱ्यापासून ते पानवाल्यापर्यंत सगळ्यांना वार ठाऊक. कुणीतरी बखोट धरून आणून द्यायचंच. मग दिवसभर परसाकडं रांग, दुपारी मऊ भात आणि मेतकूट, संध्याकाळी सगळी पोरं गळाल्यासारखी एका वाकळेवर पडलेली. आमच्यातलं जे नातं आहे ना, ते त्या वाकळेवर झालेलं आहे.

चांदीच्या घरात भाजणं हे नेहमीचं. मुशीतला थेंब उडाला, झाळीचा चटका बसला, तापलेली तार मनगटाला लागली. आधी कोरफडीचा गर. मोठं असेल तर चुन्याची निवळी आणि खोबरेल तेल एकत्र फेटून. पुढं दवाखान्यातून पांढरं मलम यायला लागलं. अण्णांनी एकदा त्याच्या डबीवरचं नाव चष्मा लावून वाचलं, सिल्व्हर सल्फाडायझिन, आणि सोप्यातल्या सगळ्या कारागिरांना ओरडून सांगितलं, ‘‘अरे, हे तर चांदीचंच हाय!’’ आम्ही चांदीनं भाजायचो आणि चांदीनंच बरे व्हायचो, याचा त्या दिवशी सगळ्या सोप्याला कोण आनंद झाला होता.

इथवर लिहिलं ते गोड गोड. पण पेटीच्या नावावर सगळं गोडच जमा करून मला चालणार नाही.

धाकट्या आत्याला कावीळ झाली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. लग्न ठरलं होतं. डोळे हळदीसारखे पिवळे. घरातल्या सगळ्यांचं एकमत, कावीळ डॉक्टरला दाखवायची नसते, माळ घालायची असते. एका गावी माळ देणारा होता. त्यानं काटक्यांची माळ डोक्याला बांधली. ती सैल होत होत गळ्यात आली, गळ्यातून पोटाशी आली. माळ उतरतेय म्हणजे कावीळ उतरतेय, असं सगळे म्हणत राहिले. माळ वाढत होती ती तिच्या गाठी सुटत होत्या म्हणून. आत्याची भ्रमिष्टासारखी बडबड सुरू झाली तेव्हा बैलगाडी जुंपून तिला आधी इचलकरंजीला आणि तिथून मोटारीनं मिरजेला नेलं. तोवर उशीर झाला होता.

अण्णा तीन दिवस बोलले नाहीत. चौथ्या दिवशी भट्टी पेटवली, आणि टंच काढायला आलेला माल हातात घेऊन तसेच बसून राहिले. टंच म्हणजे काय, ते हुपरीबाहेरच्यांसाठी सांगतो. चांदीत चांदी किती आणि भेसळ किती, याचा तपास. मालातला कण काढायचा, तेजाबात विरघळवायचा, मिठाच्या पाण्यानं चांदी तळाला बसवायची आणि हिशेब मांडायचा. दिसायला माल कितीही झगझगीत असो, देणारा सख्खा भाऊ असो, टंच काढल्याशिवाय भाव ठरत नाही. अण्णा म्हणाले, ‘‘परक्याच्या चांदीचा टंच काढतो आपण. घरच्या पोरीच्या औषधाचा न्हाई काढला.’’

त्या दिवसापासून आमच्या घरात पेटी राहिली, पण तिच्यावर एक नियम बसला. ताप तीन दिवसांवर गेला, डोळे पिवळे झाले, मूल दूध ओढेनासं झालं, की पेटी बंद, दवाखाना. आणि हा नियम सगळ्यात कडक पाळला तो आज्जीनं. लेक गेली होती तिची.

डागणंही तिनंच बंद केलं. आमच्या वयाच्या माणसांनी सदरा वर केला तर कितीजणांच्या पोटावर अजून बारीक गोल डाग दिसतील. डबा झाला, म्हणजे बाळाची धाप लागून पोट भात्यासारखं हलायला लागलं, की बिब्ब्यानं नाहीतर तापलेल्या सुईनं पोटावर डाग द्यायचे. ती न्यूमोनियाची लेकरं. डागानं एकही बरं झालं नाही. जी वाचली ती आपल्या जिवावर वाचली. थोरल्या काकांच्या शेवटच्या मुलाला डबा झाला, शेजारची म्हातारी सुई तापवायला बसली, तेव्हा आज्जीनं चुलीत पाणी ओतलं आणि मूल पदरात घेऊन दवाखान्याकडं चालत सुटली.

चिनी गल्लीपलीकडचा चीन दाखवणारे डॉक्टर कोटणीस आम्हाला भेटले ते यात्रेच्या तंबूत. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ १९४६ चा; आमच्या गावच्या तंबूत तो लागला तेव्हा त्याची फीत पार ओरखडली होती. शांताराम कोल्हापूरचे, म्हणजे आपल्याच पंचक्रोशीतले, म्हणून सगळं गाव लोटलं. हिंदी आज्जीला कळायचं नाही, पण सोलापूरचा पोरगा परमुलखात जाऊन जखमी माणसं शिवतो आणि तिकडंच संपतो, एवढं कळायला हिंदी कशाला लागतं? द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले, मुंबईच्या जी. एस. मेडिकलमध्ये शिकले. १९३८ साली चीनवर जपाननं घातलेल्या घावांवर इलाज करायला काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले. अटल, नागपूरचे चोळकर, बसू, मुखर्जी आणि कोटणीस. बाकीचे परतले. कोटणीस हपेई प्रांतात डोंगरात राहिले, तिथं डॉक्टर बेथ्यून यांच्या नावच्या रुग्णालयाचे प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ, म्हणजे भारत-चीन. ९ डिसेंबर १९४२ ला फेफऱ्याच्या झटक्यांनी गेले. बत्तीस वर्षांचे. घरी येताना आज्जी वाटभर एकच म्हणत होती, ‘‘त्याच्या आईनं कुणाच्या हातावर पाणी घालावं?’’

कोटणीस सुरी-टाक्यांचे डॉक्टर. चिनी वैद्यक त्यांनी चालवलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांच्याबरोबर गेलेले कोलकात्याचे डॉक्टर बसू पुढं पुन्हा चीनला गेले, सुया टोचण्याची विद्या शिकून आले आणि १९५९ च्या सुमारास त्यांनी ती आपल्याकडं सुरू केली. आज महाराष्ट्रात ॲक्युपंक्चरला स्वतःचा कायदा आहे. त्या एका बोटीतून गेलेल्या पाचजणांचं देणं असं वेगवेगळ्या वाटांनी परत आलं.

आणि सुया म्हटल्यावर हुपरीकराला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच हपेई प्रांतात, कोटणीसांच्या रुग्णालयापासून फार लांब नसलेल्या मानछंग इथं, १९६८ साली एका राजपुत्राची दोन हजार वर्षांपूर्वीची कबर सापडली. तीत टोचायच्या सुया होत्या. चार सोन्याच्या आणि पाच चांदीच्या. मी हे सोप्यात वाचून दाखवलं तेव्हा तार ओढणारे म्हातारे तात्या थांबले आणि त्यांनी विचारलं, ‘‘तार किती गेजची?’’ ते मला सांगता आलं नाही. पण कुणीतरी आमच्यासारखाच एक माणूस दोन हजार वर्षांपूर्वी चांदीची तार ओढून, टोक घासून, दुसऱ्याचं दुखणं कमी व्हावं म्हणून ती वैद्याच्या हाती देत होता, हे मनातून जात नाही.

ऐंशीच्या पुढं आमच्याकडं ॲक्युप्रेशरची लाट आली. काकांनी जत्रेतून काटेरी लाकडी रूळ आणला, तो तळपायाखाली फिरवायचा. पहाटे गच्च्यांवर टाळ्यांचा कडकडाट. डोकं दुखलं की अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं मांस दाबायचं. सोप्यातही गोष्ट पसरली, पैंजण घोट्याजवळची नस दाबतं म्हणून बायकांना गुण येतो. गिऱ्हाइकाला ही गोष्ट फार आवडते. अण्णांनी ती कधी सांगू दिली नाही. ‘‘पैंजण शोभेसाठी घ्या. नसंचं मला ठाव न्हाई.’’ सुयांचा टंच मात्र जगभरच्या डॉक्टरांनी काढून बघितला आहे. जुन्या पाठदुखीला, डोकेदुखीला, मळमळीला थोडा उतार पडतो. पण नुसतं टोचल्याचं नाटक केलं तरी त्यातला पुष्कळसा उतार पडतोच. मला यात कमीपणा दिसत नाही. दुखणाऱ्या माणसाजवळ कुणीतरी अर्धा तास बसून त्याचा हात हातात धरतो, तेव्हा त्याला बरं वाटणारच. आज्जीच्या पेटीतला निम्मा गुण तिच्या मांडीत होता.

टंच काढण्याची सगळ्यात मोठी गोष्ट दवण्याची. चैत्रात जोतिबाला जायचं, गुलालात माखायचं, सासनकाठ्या बघायच्या आणि येताना दवणा आणायचा, ही आमच्याकडची रीत. वाळलेला दवणा आज्जी पेटीत वरच्या अंगाला पसरायची. त्यानं कसर लागत नाही, आणि पेटी उघडली की आधी दवण्याचा वास येतो. या दवण्याची एक चिनी बहीण आहे, एकाच कुळातली. चिनी लोक तिला छिंगहाओ म्हणतात. १९६७ साली व्हिएतनामच्या लढाईत हिवतापानं माणसं मरत होती, जुन्या गोळ्या लागू पडेनात, तेव्हा चीननं औषध शोधायचं काम काढलं. तू यूयू नावाच्या बाईंनी आपल्या माणसांना घेऊन दोन हजारांवर जुने पाठ गोळा केले. चौथ्या शतकातल्या क हुंग नावाच्या वैद्याच्या पुस्तकात एक ओळ सापडली, मूठभर छिंगहाओ पाण्यात भिजवून, पिळून, रस पी. उकळायचं लिहिलेलं नव्हतं. बाईंच्या ध्यानात आलं, की आपण उकळतो तिथंच गुण जात असणार. त्यांनी ईथर वापरून कमी उष्णतेवर अर्क काढला. १९७१ साली १९१ व्या नमुन्याला यश आलं. त्यातून आर्टेमिसिनिन निघालं. आज आपल्याकडंही मारक हिवतापाला त्याच्याच गोळ्या देतात. २०१५ साली बाईंना नोबेल मिळालं.

आमच्या पिढीनं हिवताप भोगलेला आहे. दुपारी ठरल्या वेळी हुडहुडी, अंगावर चार वाकळा आणि वर दोन भावंडं बसलेली, कडू गोळ्या, हिवताप खात्याच्या माणसानं बोट टोचून काचेवर घेतलेलं रक्त, भिंतींवर मारलेलं डीडीटी आणि त्यानंतर मरून पडलेली मांजरं. म्हणून ही गोष्ट आम्हाला लांबची वाटत नाही. पण मला त्यातलं सगळ्यात काय भिडलं असेल, तर ते हे. १९७२ साली तो अर्क माणसाला द्यायची वेळ आली, तेव्हा तू यूयू आणि त्यांचे दोन सहकारी दवाखान्यात जाऊन झोपले आणि पहिल्यांदा तो स्वतः प्यायले.

आज्जी जाऊन आता चाळीस वर्षं झाली. पेटी माझ्याकडं आहे. बावीस खणांतले चौदा रिकामे. अतिविष मिळतं ते खरं असतंच असं नाही, म्हणून आणत नाही. टाकणखार आता फक्त भट्टीवर. लहानग्यांच्या तोंडात तो घालू नये असं डॉक्टर सांगतात आणि ते आम्ही ऐकलं. चिनी गल्लीतली दालचिनी तेवढी मसाल्यासाठी भरली जाते. चोपचिनीची एकच गाठ उरली आहे, दगडासारखी. दारात झारेकरी येतात, सोप्यातली माती झाडून नेतात आणि तिच्यातून चांदीचे कण वेचतात. तसं मी कधीकधी ही पेटी पुढ्यात घेऊन बसतो.

गेल्या श्रावणात नातू झाला. सुनेनं पहिल्याच दिवशी सांगितलं, ‘‘आई, सहा महिने फक्त अंगावरचं दूध. गुटी नको, पाणीसुद्धा नको.’’ आमची ही क्षणभर गप्प झाली. मग तिनं सहाण उचलून कपाटात ठेवली. बोंडलं रिठ्याच्या पाण्यात घासून लख्ख केलं आणि पाळण्याच्या वरच्या फळीवर मांडलं, नुसतंच.

परवा मध्यरात्री पोर रडायला लागलं. पाय पोटाशी घेत होतं. मुलानं डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ताप आहे का, उलटी आहे का विचारलं, नुसता वायू असेल, बाहेरून हलका शेक चालेल, नाहीतर सकाळी दाखवा म्हणाले. सूनबाईनं हिच्याकडं बघितलं. ही उठली, पेटी काढली. दवण्याचा वास सगळ्या खोलीत झाला. ओवा फडक्यात बांधला, तव्यावर टेकवला, उचलला, आणि आधी आपल्या गालाला लावून बघितला.